तुर्कांची बाजू मांडणारा इंग्रज

कुडाळ-मालवणचे चाकरमानी ज्या मुंबईत पोटासाठी जात, त्याच मुंबईत १९२० साली मार्माड्यूक पिक्थॉल ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून आले. १९१३ साली तुर्कस्तानात राहून त्यांनी तिथली हकीकत लिहिली होती. १९१४ साली ब्रिटन-तुर्कस्तान युद्ध पेटले. तरी डोळ्यांनी पाहिलेले सांगणे त्यांनी सोडले नाही; मायदेशी त्यांच्यावर संशय घेतला गेला. १९१७ साली त्यांनी इस्लाम जाहीरपणे स्वीकारला. मुंबईत त्यांची लेखणी खिलाफत व असहकाराच्या बाजूने चालली. १९२४ साली तुर्कांनीच खिलाफत रद्द केली. त्याच वर्षी पिक्थॉल यांनीही ‘क्रॉनिकल’ सोडले. पुढे १९३० साली त्यांचे कुरआनचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. खिलाफत टिकली नाही. सरकार ज्याला शत्रू म्हणते त्याचीही बाजू ऐकावी, हा त्यांचा धडा मात्र टिकला.