धरण फुटल्याचा फॉरवर्ड, जपानची बातमी आणि तुमच्या फोनमधला इमर्जन्सी अलर्ट

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज पडला: 'पवना धरण फुटलं, लगेच घर सोडा.' मी हिंजवडीत, आईबाबा मावळात, धरणाच्या खालच्या अंगाला. चाळीस मिनिटं फोन लागत नव्हता. शेवटी कळलं की धरणाला काही झालं नव्हतं, फक्त विसर्ग वाढवला होता.

आमच्या टीमचा क्लायंट जपानी आहे. दुसऱ्या दिवशी कॉलवर हे सांगितलं, तर तिथल्या सहकाऱ्याने विचारलं, "मग टीव्हीवर काय सांगत होते?" टीव्ही बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

जपानमध्ये हा प्रश्न साहजिक आहे. तिथली एनएचके ही सार्वजनिक प्रसारण संस्था जाहिरातींवर नाही, तर प्रेक्षकांनी भरलेल्या शुल्कावर चालते. १९२५ साली रेडिओ, १९५३ साली टीव्ही. १९६१ च्या आपत्ती कायद्याखाली संकटात माहिती देण्याची जबाबदारीही तिच्यावर आहे. (त्याच १९६१ मध्ये इकडे पानशेत फुटलं.)

भूकंपाच्या इशाऱ्याची पद्धत तर इंजिनिअरला आवडावी अशीच आहे. भूकंपाच्या आधी पोहोचणाऱ्या लहरी वेगवान, पण कमी धोक्याच्या. जास्त हलवणाऱ्या लहरी मागून येतात. पहिल्या लहरी पकडून हवामान संस्थेचे कॉम्प्युटर हिशोब करतात आणि इशारा थेट टीव्ही, रेडिओ आणि मोबाईलवर जातो. १ ऑक्टोबर २००७ पासून हे सर्वांसाठी सुरू आहे. मिळतात काही सेकंदच, आणि केंद्राच्या अगदी जवळ असाल तर तेवढेही नाहीत. पण टेबलाखाली शिरायला तेवढे पुरतात.

आणि वीजच गेली तर? मार्च २०११ च्या त्सुनामीत इशिनोमाकी शहरातल्या 'इशिनोमाकी हिबी शिंबुन' या छोट्या दैनिकाचं छापखान्याचं काम थांबलं. पत्रकारांनी मोठ्या कागदांवर मार्करने बातम्या लिहिल्या आणि निवारा केंद्रांमध्ये चिकटवल्या. सलग सहा दिवस. मला तर एनएचकेच्या सगळ्या यंत्रणेपेक्षा हे जास्त भारी वाटतं.

आता आपल्या खिशातल्या फोनकडे येऊ. व्हॉट्सॲप मेसेज, एसएमएस, कॉल हे सगळं एकेका फोनसाठी वेगळं जातं. पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात भुशी डॅमजवळ हजारो लोक एकाच वेळी फोन लावतात, तेव्हा टॉवर तुंबतो. सेल ब्रॉडकास्टचं तसं नाही. टॉवर मेसेज एकदाच हवेत सोडतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन तो ऐकतात, रेडिओसारखे. शंभर फोन असोत की दहा हजार, टॉवरवर भार तेवढाच. तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

भारतात सी-डॉटने ही यंत्रणा बनवली. २०२३ मध्ये फोन अचानक जोरात वाजून चाचणीचा मेसेज आलेला आठवतोय? तोच हा. तो मेसेज कुणी फॉरवर्ड केलेला नसतो, म्हणून व्हॉट्सॲपवरच्या स्क्रीनशॉटला त्याची जागा देऊ नका. तारीख आणि ठिकाण नसलेला स्क्रीनशॉट तर वाचूच नका.

टॉवरचीच वीज गेली तर मात्र हेही बंद. तिथे रेडिओ उरतो. फोनमध्ये एफएम असेल तर वायरवाला इयरफोन जपून ठेवा, कारण ती वायरच अँटेना असते. पण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे डोंगराच्या आडोशाला, म्हणजे खंडाळ्याच्या घाटात किंवा पवन मावळातल्या एखाद्या वाडीत, खरखरच ऐकू येऊ शकते. तिथे मीडियम वेव्ह असलेला साधा सेलवरचा रेडिओ बरा, तो डोंगराळ भागातही जास्त लांबून पकडतो.

अलर्ट चालू आहे का ते बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'इमर्जन्सी' टाइप करा (कंपनीप्रमाणे जागा बदलते). आयफोनमध्ये नोटिफिकेशन्सच्या पानावर अगदी तळाशी जा.

आईच्या फोनमध्ये तो बंद होता. चाचणीच्या आवाजाने दचकून तिनेच शेजारच्या पोराकडून बंद करून घेतला होता. मी चालू केला, आणि पुन्हा वाजला तर काय करायचं तेही दाखवलं: आधी मेसेज पूर्ण वाचायचा, मग मला फोन.