रात्रीची मुंबई, दिवसाचं पुणं: प्राइड आपल्याकडे कुठून आलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेले माझे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' वगैरे गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय आहे प्राइड. दरवर्षी इंद्रधनुषी झेंड्यांचे फोटो फिरायला लागले की एक कमेंट हमखास येते: "हे सगळं अमेरिकेतून आलंय, आपल्याकडे असलं काही नव्हतं." त्यावर चिडून उत्तर देण्यापेक्षा म्हटलं, इतिहासच बघू. सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बीटेक केलंय, कोड लिहून पोट भरतो, वारज्यात भाड्याने राहतो. आणि मी गे आहे, त्यामुळे हा इतिहास मला लांबून बघता येत नाही.

वारज्याचंच उदाहरण घेतो. इथून दोन रस्ते निघतात. एक हायवे, चांदणी चौकातून मुंबईकडे जाणारा. दुसरा कर्वेनगरातून कर्वे रोडने डेक्कनला जाणारा. माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्राइडचा इतिहास या दोन रस्त्यांसारखाच आहे. मुंबईत तो रात्रीतून आला, बार आणि पार्ट्यांमधून. पुण्यात तो छापील कागदातून आला.

आधी मुंबईचा रस्ता. त्यासाठी एक मिनिट न्यूयॉर्कला जावं लागेल. 28 जून 1969 च्या पहाटे तिथल्या स्टोनवॉल इन नावाच्या बारवर पोलिसांनी धाड घातली. अशा धाडी नेहमीच्या होत्या. त्या रात्री मात्र लोक मुकाट्याने गाडीत बसले नाहीत, उलटे भिडले. बरोबर एक वर्षाने, 28 जून 1970 ला, त्या घटनेच्या आठवणीत मोर्चा निघाला. म्हणजे जगभरच्या प्राइडचं मूळच एका बारमध्ये आहे. का? कारण दिवसा घर, ऑफिस, देऊळ, चर्च, सगळीकडे वेगळा चेहरा लावून वावरणाऱ्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्याने बसता येईल अशी एकच जागा होती, आणि ती रात्री उघडायची.

मुंबईतही तेच. अशोक राव कवी यांनी 1986 मध्ये 'सॅव्ही' मासिकाला मुलाखत देऊन आपण समलैंगिक आहोत हे नावानिशी सांगितलं. 1990 मध्ये त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं आणि 1994 मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. ही झाली दिवसाची कामं. रात्रीचा पत्ता होता कुलाबा. ताजच्या मागच्या गल्लीतला गोकुळ बार आणि आर्थर बंदर रोडवरचा व्हूडू. व्हूडूची शनिवारची रात्र ठरलेली. पुढे 'गे बॉम्बे' हा गट उभा राहिला. त्यांच्या पार्ट्या व्हायच्या, आणि पालकांना सोबत घेऊन गप्पांच्या बैठकाही व्हायच्या.

माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा असलेला एक मित्र आहे. तो पुण्याहून शनिवारी संध्याकाळी निघायचा आणि रविवारी सकाळच्या गाडीने परत यायचा. मी त्याला विचारलं, "एवढं काय होतं रे तिथे?" तो म्हणाला, "काही नाही. पंखा होता, बियर महाग होती, गाणी जुनी होती. पण मी कुणाकडे बघतोय हे लपवावं लागत नव्हतं." ज्यांनी हा प्रश्न कधी अनुभवला नाही त्यांना हे वाक्य साधं वाटेल. मला ते अजून साधं वाटत नाही.

त्या काळात कलम 377 डोक्यावर होतं. 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं, इंग्रजांनी केलेलं. त्याखाली खटले फार चालत नसत, पण धाक पुरेसा होता. बागेत, स्टेशनवर, पार्टीबाहेर "घरी सांगू का?" एवढं म्हटलं की पाकीट रिकामं व्हायचं. पैसे उकळणारा कधी खाकीत असायचा, कधी साध्या कपड्यांत. मोर्चाची गरज कुठून निर्माण झाली ते इथे कळतं. रात्रीची जागा कितीही आपली असली तरी बाहेर रस्त्यावर आलात की तुम्ही पुन्हा एकटे.

भारतातला पहिला प्राइड मात्र मुंबईत झाला नाही. 2 जुलै 1999 ला कोलकात्यात जेमतेम 15 माणसं चालली. पिवळे टीशर्ट घालून, आणि नाव दिलं होतं 'फ्रेंडशिप वॉक'. मुंबईत 'क्विअर आझादी मार्च' निघाला तो 16 ऑगस्ट 2008 ला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत. जागेची निवड बघा. 1942 मध्ये 'चले जाव' जिथून दिलं गेलं, तिथूनच इंग्रजांच्या कायद्याला 'तू पण जा' म्हणणं. याला अमेरिकेची नक्कल म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता दुसरा रस्ता. वारजे सोडलं की कर्वेनगर लागतं. हे पूर्वीचं हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला विधवांचा आश्रम 1900 मध्ये इथे आणला. तेव्हा पुण्यातल्या किती लोकांनी नाकं मुरडली असतील! आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे, चौकात पुतळा आहे. त्यांच्या मुलाच्या, रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या, वाट्याला एवढं कौतुक आलं नाही.

र. धों. कर्वे मुंबईत गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची नोकरी गेली. जुलै 1927 मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि 1953 मध्ये वारेपर्यंत चालवलं. वाचक त्यांना लैंगिक प्रश्न विचारत आणि ते उघड उत्तरं छापत. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यातले प्रश्न हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांबद्दलचे होते. 1934 मध्ये त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. पण विचार करा, नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी मराठी मासिकाला हा प्रश्न पत्राने विचारला होता. "आपल्याकडे असलं काही नव्हतं" म्हणणाऱ्यांसाठी तो दंडच पुरावा आहे. जे अस्तित्वातच नाही त्याबद्दल छापलं म्हणून कोर्ट दंड करत नाही.

पुण्यात हाच धागा पुढे गेला. विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात शिकवणाऱ्या आर. राज राव यांनी एलजीबीटी साहित्य वर्गात आणलं. आणि 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. खिरे अमेरिकेत आयटीत काम करून परत आलेले, म्हणजे आमच्याच धंद्यातले! त्यांनी हेल्पलाईन चालवली, आईवडिलांशी बोलले आणि मराठीत पुस्तकं लिहिली. 'पार्टनर', 'इंद्रधनु', 'अंतरंग'. मुंबईत लपून राहायला बार होता. पुण्यातल्या मुलाला बहुतेक वेळा आधी पुस्तक मिळालं, तेही आपल्या भाषेत, आईच्या हातात देता येईल असं. 'गे' या शब्दासाठी घरात वाक्य कसं बनवायचं हे या पुस्तकांनी शिकवलं.

11 डिसेंबर 2011 ला पुण्याचा पहिला प्राइड निघाला. पुढे संभाजी उद्यान, डेक्कन, एफ.सी. रोड हा भाग त्याच्या ओळखीचा झाला. आता तारखांची गंमत बघा. कोलकात्याचा वॉक 2 जुलै 1999 चा, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 377 सैल केलं ते 2 जुलै 2009 ला, बरोबर दहा वर्षांनी. पुण्याचा प्राइड 11 डिसेंबरचा, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून 377 परत आणलं ते 11 डिसेंबर 2013 ला, बरोबर दोन वर्षांनी. शेवटी 6 सप्टेंबर 2018 ला ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द झालं.

पुण्याच्या प्राइडमध्ये एक पुणेरी वादही झाला, कपड्यांचा. 2017 मध्ये आयोजकांकडून साधे, शालीन कपडे घालून या असं आवाहन झालं आणि समुदायातच ठिणगी पडली. आयोजकांची बाजू मला समजते. कडेला उभ्या असलेल्या काकूंना वाटायला हवं की ही आपल्याच सोसायटीतली मुलं आहेत. ज्या शहरात काम पुस्तकातून आणि समजावण्यातून झालं, तिथे हा विचार येणारच.

पण शालीनता कुणाला परवडते? मला परवडते. फॉर्मल शर्ट घातला की मला कुणी ओळखत नाही. तृतीयपंथीयांना लपायची ही सोय कधीच नव्हती. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी डान्सबारमध्ये नाचत होत्या. 2005 मध्ये राज्य सरकारने बारबंदी आणली तेव्हा त्या रस्त्यावर उतरल्या. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने 'नाल्सा' निकालात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख सांगण्याचा अधिकार मान्य केला. त्या प्रकरणात लक्ष्मीही न्यायालयात गेल्या होत्या. ज्या रात्रीला आपण 'असभ्य' म्हणतो, त्याच रात्रीत कमावलेलं धैर्य दिवसा कोर्टात उपयोगी पडलं. म्हणून मला वाटतं, प्राइडमध्ये शर्ट-पँट आणि झगमगीत साडी शेजारी शेजारी चालायला हवेत. एकाने काकूंशी बोलावं, दुसऱ्याने काकूंना बघायला लावावं.

आणि हे सगळं संपलेलं नाहीये. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने स्पष्ट केलं की समलैंगिक जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकांना नॉमिनी करता येतं. मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघं एकत्र राहतो. भाडेकरारावर आम्ही 'मित्र' आहोत. घरमालक चांगले आहेत, दिवाळीला फराळ देतात आणि दरवर्षी विचारतात, "लग्नाचं काय, रे?" उद्या आमच्यापैकी कुणी हॉस्पिटलमध्ये असला तर फॉर्मवरच्या 'नातं' या रकान्यात काय लिहायचं, याचं उत्तर आज आमच्याकडे नाही. कर्व्यांच्या वाचकाने पत्र लिहून विचारलं होतं, तसाच हाही एक प्रश्न.

तर मंडळी, इथे थांबतो. तुमच्याकडे पुण्याच्या पहिल्या काही प्राइडची पत्रकं, बिल्ले, कात्रणं असतील तर रद्दीत देऊ नका. फोटो काढून जपून ठेवा, मागे तारीख लिहा. फोटोत दुसऱ्या कुणाचा चेहरा असेल तर त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. कुणाला अजून घरी सांगायचं राहिलेलं असू शकतं. भेटू पुढच्या भागात.