लून खोऱ्यातील प्रकाशतंतू

सहकाराच्या इतिहासात इंग्लंडमधील लँकेशर या जुन्या परगण्याचे नाव दोनदा लिहावे लागेल. 1844 साली तेथील रॉचडेल गावी 28 जणांनी, त्यांत विणकर बरेच, तुटपुंजे भांडवल गोळा करून पीठ, साखर, लोणी विकणारे एक दुकान उघडले. सभासदाचे भांडवल कितीही असो, त्याचे मत एकच, हा त्यांचा नियम पुढे जगभर गेला. आपल्याकडील सहकारी संस्थांच्या सभासदांनाही तो परिचित आहे. त्या घटनेला 167 वर्षे लोटल्यावर, 2011 साली, याच परगण्याच्या उत्तर टोकास लून नदीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांनी आणखी एक संस्था काढली. ती पीठसाखर विकत नव्हती. काचेच्या केसासारख्या तंतूतून घरोघर इंटरनेट पोहोचविणे हा तिचा व्यवसाय. तिचे नाव ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’. आद्याक्षरांत गुंफून त्याचा उच्चार ‘बार्न’ असा करतात. बार्न म्हणजे शेतावरचे कोठार.

हा प्रदेश दिसावयास रम्य आहे. उतरणीची कुरणे, मेंढ्यांचे कळप, दगडांचे गडगे आणि एकमेकांपासून दूर दूर वसलेली शेतघरे. परंतु हे रम्य अंतरच तेथील लोकांच्या मुळावर आले. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून जाणारा संदेश केंद्रापासून जसजसा दूर जातो तसतसा क्षीण होतो. शहरातील घरी जे क्षणार्धात पोहोचे, ते या शेतघरी पोहोचावयास तास न् तास लागत, किंवा ते पोहोचतच नसे. सरकारी अर्ज, जनावरांच्या नोंदी, मुलांचा अभ्यास, छोटा उद्योगधंदा, सारे हळूहळू या मार्गाने होऊ लागले होते. मार्गच नसेल तर तरुणांनी गाव सोडावे, आणि तरुण गेले की शाळा ओस पडावी, हा क्रम आपल्यालाही अपरिचित नाही.

मोठ्या कंपन्यांचा हिशेब साधा होता: घरे थोडी, अंतर फार, तेव्हा खर्च निघावयाचा नाही. हा हिशेब खोटा नव्हता. मात्र त्यातील एक रक्कम कोणाच्या वहीत मांडायची, याचा विचार खेड्यांनी निराळा केला. काचतंतूच्या जाळ्यात तंतूची किंमत तुलनेने थोडी असते. खरा पैसा जातो तो चर खणण्यात. रस्ता फोडावयाचा, रहदारी वळवावयाची, पुन्हा डांबर घालावयाचे, आणि ज्याच्या जमिनीतून जावयाचे त्याला मोबदला द्यावयाचा. चर रस्त्याऐवजी शेतातून नेला, शेतकऱ्याने वाट विनामूल्य दिली आणि खणावयास गावकरीच उतरले, तर खर्चाचा हा डोंगर पुष्कळच खाली येतो. जमीन, ट्रॅक्टर, कुदळ आणि ओळखपाळख हे भांडवल कंपनीपाशी नव्हते; ते गावापाशी पिढ्यान्‌पिढ्या होते.

ही गोष्ट ज्यांनी प्रथम हेरली त्यांत रे गावच्या एका शेतकरी कुटुंबातील क्रिस कॉन्डर या बाई आणि लँकेस्टर विद्यापीठात संगणकजाळ्यांचे काम केलेले बॅरी फोर्ड यांची नावे अग्रभागी येतात. एकीपाशी गावाचा विश्वास, दुसऱ्यापाशी शास्त्राचे ज्ञान. पुढे दोघांनाही ब्रिटिश राजघराण्याकडून ‘एम. बी. ई.’ हा सन्मान मिळाला. आरंभी आठ पॅरिशांचा, म्हणजे आठ ग्रामविभागांचा, आराखडा आखला गेला. लोकांनी भाग घेतले. ज्याच्यापाशी रोख रक्कम नव्हती त्याला खणलेल्या चराच्या मोबदल्यात भाग मिळण्याची सोय होती. श्रमालाच भांडवलाचे मोल देणारी ही योजना मला या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते.

2012 साली खोदाईस प्रारंभ झाला. कोणी ट्रॅक्टरमागे नांगर जोडून नळी जमिनीत पुरली, कोणी गडग्याखालून वाट काढली, कोणी खणणाऱ्यांसाठी केक भाजून आणले. रिकाम्या नळीत दाबाच्या हवेने तंतू पुढे ढकलीत न्यावयाचा आणि दोन तंतूंची टोके विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करावयाची, ही नाजूक विद्याही गावकऱ्यांपैकी काहींनी आत्मसात केली. सुरुवातीचा दर महिना 30 पौंड आणि जोडणीचे 150 पौंड. त्या बदल्यात सेकंदाला एक अब्ज अंश एवढा वेग, तोही येताना आणि जाताना सारखाच. त्या काळी कित्येक मोठ्या शहरांतही हे मिळत नव्हते.

वाढ मात्र निर्वेध झाली नाही. डॉल्फिनहोम या गावाच्या परिसरात, जेथे संस्थेचे काम योजिलेले होते, तेथेच सार्वजनिक पैशाच्या साहाय्याने दुसरी व्यवस्था आणली गेली, आणि त्यावरून मोठा वाद माजला. जेथे कोणी यावयास तयार नव्हते तेथे गावाने वाट करून दिल्यावर स्पर्धक येतात, हा जगाचा नेहमीचा न्याय आहे. तसेच, केवळ स्वयंसेवेवर सारे उभे राहिले असेही म्हणता येणार नाही. संस्था मोठी झाली तशी पगारी माणसे आली, कर्ज आले, सरकारी अनुदानाचाही आधार घ्यावा लागला. तथापि तिच्या घटनेचा गाभा टिकला: एका सभासदास एक मत, आणि नफ्यासाठी मालमत्ता विकून टाकण्यास मज्जाव. आठ पॅरिशांपासून निघालेले हे जाळे कंब्रिया आणि यॉर्कशरच्या डोंगराळ भागात गेले, दूर पूर्वेकडील नॉरफकमध्येही त्याची शाखा उगवली, आणि जोडलेल्या घरांची संख्या दहा हजारांवर गेली.

प्रत्येक गावाने आपले इंटरनेट आपणच खणावे, असा याचा अर्थ नव्हे. जेथे जमिनीची मालकी विखुरलेली आहे, शेजाऱ्यांत वाद आहेत, किंवा दिवसभराच्या कष्टानंतर हातात कुदळ घेण्याचे त्राण उरत नाही, तेथे हा मार्ग खुंटेल. पण ‘परवडत नाही’ हा शब्द कानी आला की तो हिशेब कोणाचा, आणि त्यात कोणती पुंजी मोजावयाची राहिली, एवढे विचारण्याचा अधिकार प्रत्येक खेड्याला आहे. लून खोऱ्यातील शेतकऱ्यांनी तो प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर त्यांना स्वतःच्याच शेतात सापडले.