चामड्यापासून सिरॅमिकपर्यंत: ब्रेकची कथा

घाट उतरताना मोटारीच्या चाकांतून येणारा करपट वास आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. ब्रेकचे काम दुसरेतिसरे काही नाही, धावत्या गाडीचा वेग घासून घासून उष्णतेत जिरवायचा. ती उष्णता सोसील, लवकर झिजणार नाही आणि सामान्य माणसाला परवडेल असा पदार्थ कोणता, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या बेर्था बेंझबाई नवऱ्याने बनविलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. तेही नवऱ्याला न सांगता, बरे का! वाटेत ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. पुढे इंग्लंडातल्या डोंगराळ डर्बीशायरमध्ये गाडीवान उतारावर ठोकळ्याला जुना बूट लावतात, हे हर्बर्ट फ्रूडने पाहिले आणि १८९७ साली ब्रेकच्या अस्तराचा धंदा मांडला. त्याचे सुती अस्तर तापले की करपे. म्हणून काही वर्षांतच अॅस्बेस्टॉस आले. दगडातून निघणारा हा तंतू विणता येतो, जळत नाही आणि स्वस्तही पडतो. मग काय, जगभर तोच चालला!

पण ही स्वस्ताई कामगारांच्या फुप्फुसांना भोवली. त्याची बारीक धूळ श्वासातून आत जाते आणि रोग कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. ब्रिटनने १९९९ साली त्यावर पुरती बंदी घातली. जुन्या गाडीच्या ब्रेकची धूळ कधीही फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

२००१ साली पोर्शे कंपनीने आपल्या मोटारीला सिरॅमिक तबकड्या बसविल्या. कार्बनचे तंतू राळेत घालून साचा दाबतात, तो हवेवाचून भाजतात आणि त्यात वितळलेले सिलिकॉन मुरवतात. सिलिकॉन वितळायला १४१४ अंश सेल्सिअस उष्णता लागते! त्यातून सिलिकॉन कार्बाइड तयार होते. तबकडी लोखंडीपेक्षा निम्म्या वजनाची, आणि झीज अगदी थोडी. मात्र तंतू महाग, भट्टी दीर्घकाळ पेटती ठेवायची आणि इतका कठीण माल घासायला हिऱ्याची हत्यारे. बाजारात ‘सिरॅमिक’ म्हणून मिळणारे पॅड निराळे. ते लोखंडी तबकडीवरच घासतात.

म्हणून मधली वाट निघाली: तबकडी ओतीव लोखंडाचीच ठेवून तिच्यावर कठीण कार्बाइडचा पातळ थर चढवायचा. २०१७ साली अशा तबकड्याही मोटारींना लागल्या, पण त्याही महागड्याच मोटारींना. घाट उतरणारे आपले बहुतेक मालट्रक अजून लोखंडी ड्रमच्याच भरवशावर आहेत.