उपयोजित वर्तन विश्लेषण : पदव्युत्तर शिक्षण आणि प्रवेश

उपयोजित वर्तन विश्लेषण ही मानसशास्त्रातून निघालेली एक उपयोजित विद्याशाखा. एखादे वर्तन कोणत्या परिस्थितीत घडते, त्याच्या पाठोपाठ काय होते आणि त्यामुळे ते पुढे वाढते की ओसरते, याची रोजच्या रोज मोजदाद करायची आणि त्या आधारावर माणसाला उपयोगी पडेल असे वर्तन शिकवायचे, हे तिचे काम. पालक, विशेष शिक्षक आणि थेरपिस्ट तिला सरसकट ‘एबीए’ म्हणतात. भारतात ती मुख्यतः स्वमग्न मुलांच्या शिक्षणामुळे माहीत झाली. परदेशात मात्र कामगारांची सुरक्षितता, मेंदूला इजा झालेल्यांचे पुनर्वसन, वृद्धांची शुश्रूषा अशा क्षेत्रांतही तिचा वापर होतो. या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्यासाठी काय करावे लागते, याचा विचार येथे कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी आणि तिच्या आसपासच्या विद्यार्थ्याच्या बाजूने केला आहे.

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना लागणारे नेसरी हे मोठे बाजाराचे गाव. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर येथील खिंडीत कामी आले. त्यांचे स्मारक येथे आहे. गावात तुकाराम कृष्णाजी कोलेकर कला व वाणिज्य महाविद्यालय असून ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. जिल्ह्याचे ठिकाण दूर आणि बेळगाव त्या मानाने जवळ, त्यामुळे दवाखाना आणि शिक्षण या दोन्हींसाठी या भागातले लोक राज्याची सीमा ओलांडून ये-जा करत असतात. पुढच्या शिक्षणाचा विचार करतानाही ही गोष्ट उपयोगी पडते.

विषयाची घडण : बी. एफ. स्किनर (१९०४–१९९०) यांनी साधक अभिसंधानाचे, म्हणजे परिणामांवरून वर्तन कसे बदलते याचे, नियम प्रयोगशाळेत मांडले. ते माणसांच्या खऱ्याखुऱ्या अडचणींना लावून पाहण्याचे काम १९५० नंतर सुरू झाले. १९५९ मध्ये टिओडोरो आयलॉन आणि जॅक मायकेल यांनी मनोरुग्णालयातील परिचारिकांना हाताशी धरून रुग्णांचे वर्तन कसे बदलता येते ते दाखवले. १९६८ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अॅनालिसिस’ हे नियतकालिक निघाले आणि त्याच्या पहिल्याच वर्षी डोनाल्ड बेअर, माँट्रोझ वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी या शाखेची लक्षणे सांगणारा लेख लिहिला. तो आजही बहुतेक अभ्यासक्रमांत सुरुवातीलाच वाचायला लावतात. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या इव्हार लोव्हास यांनी आठवड्याला सुमारे चाळीस तास शिकवलेल्या १९ स्वमग्न मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत नेहमीच्या पद्धतीने पहिली पार करू शकली, असे प्रसिद्ध केले आणि पालकांची रीघ लागली. त्या प्रयोगात मुलांची गटवाटणी यादृच्छिक नव्हती, शिवाय मुलांवर जोरात ओरडणे आणि मांडीवर चापट मारणे हेही त्या पद्धतीचा भाग होते. आजच्या अभ्यासक्रमांत मारझोडीला जागा नाही. तरीही मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्ती या शाखेवर कडक टीका करतात : मुलाला ‘इतरांसारखे’ दिसायला लावणे म्हणजे मदत नव्हे, असे त्यांचे म्हणणे आहे. अर्जदाराने ही टीका वाचलेली असावी. मुलाखतीत ती विचारतात, आणि न विचारली तरी काम करताना ती समोर येतेच.

कामाचे स्वरूप : एक उदाहरण पुरेसे आहे. अंगणवाडीत खिचडी वाटायच्या वेळी पाच वर्षांचा एक मुलगा किंचाळू लागतो. ताई त्याला उचलून ओट्यावर नेऊन बसवतात, किंचाळणे थांबते. घरचे म्हणतात हट्टी आहे, ताई म्हणतात भूक नसेल. विश्लेषक यातले काहीच लिहीत नाही. तो वहीत तीन रकाने आखतो. पहिल्यात ‘ताटे वाजू लागली, मुले ओरडली, वेळ १२.१०’, दुसऱ्यात ‘कान झाकून किंचाळला, दीड मिनिट’, तिसऱ्यात ‘ताईंनी बाहेर नेले’. आठ-दहा दिवसांच्या नोंदींवरून दिसते की खिचडी नसली तरी गोंगाट झाला की किंचाळणे होते आणि बाहेर नेले की थांबते. म्हणजे किंचाळणे हे मुलाचे ‘मला बाहेर ने’ असे सांगणे आहे. मग त्याला हात धरून दाराकडे बोट दाखवायला शिकवायचे, तसे केले की लगेच बाहेर न्यायचे, आणि पुढे गोंगाट थोडा थोडा सहन करण्याचा सराव द्यायचा. बोट दाखवल्यावर मिळालेली ती सुटका हे प्रबलन, म्हणजे ते वर्तन वाढवणारा परिणाम. नोंदी मात्र थांबत नाहीत. आलेख खाली येत नसेल तर योजना चुकली, मूल नव्हे. पदव्युत्तर वर्गात दोन वर्षे हेच शिकवतात, फक्त मोजण्याच्या पद्धती, प्रयोगरचना आणि नीतिनियम यांच्या खोलीसह.

भारतातील स्थिती : इथे गुंता आहे, आणि बहुतेक अर्जदार त्याकडे पाहायचेच विसरतात. अपंग व्यक्तींसोबत काम करणाऱ्या व्यावसायिकांची नोंद भारतीय पुनर्वास परिषद ठेवते. १९९२ च्या तिच्या कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय असा व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परिषदेच्या यादीत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत, वाचा-उपचारतज्ज्ञ आहेत. वर्तन विश्लेषक नाहीत. त्यांचा उल्लेख २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात येतो. त्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात मानसशास्त्रज्ञांनंतर वर्तन विश्लेषकाचे नाव आहे. नाव आले म्हणून पद आले असे होत नाही. स्वमग्नता स्वतः २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आहे, आणि तिचे मूल्यमापन सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या ४० प्रश्नांच्या भारतीय मापनश्रेणीवर करतात. म्हणजे मुलाला प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे, त्याला शिकवणाऱ्या विश्लेषकाला मात्र अजून स्वतंत्र सरकारी ओळख नाही.

म्हणून गावात किंवा कोल्हापुरात परत येऊन काम करायचे असेल, तर एबीएच्या पदवीआधी किंवा तिच्या जोडीला परिषदेच्या मान्यतेची एखादी पदविका अथवा विशेष शिक्षणातील बी.एड. असणे फार मोलाचे ठरते. घराच्या त्यातल्या त्यात जवळ धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. नवी मुंबईत खारघरला सिकंदराबादच्या त्याच राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. मानसशास्त्रात एम.ए. करण्यासाठी शिवाजी विद्यापीठाचा विभाग आहेच. घरी बसून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करण्याची वाट ग्रामीण विद्यार्थ्यांच्या, विशेषतः लग्न झालेल्या मुलींच्या, फार कामाची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ती बंद केली. २०२१ च्या कायद्यात येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायचे नाहीत, असा तो आदेश आहे. दूरशिक्षणाच्या दर्जाचा मुद्दा खरा असला तरी त्याची किंमत नेसरीसारख्या गावांनी मोजली.

प्रमाणपत्र : या व्यवसायात पदवीपेक्षा प्रमाणपत्राला जास्त वजन आहे. सर्वांत मानले जाणारे प्रमाणपत्र अमेरिकेतील बिहेवियर अॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड देते. हे बोर्ड १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याच्या ‘बीसीबीए’ या पातळीसाठी पदव्युत्तर पदवी, ३१५ तासांचे ठरावीक अध्ययन आणि देखरेखीखाली २,००० तास प्रत्यक्ष काम लागते. देखरेख अधिक सघन असेल तर १,५०० तास चालतात. परीक्षेत १८५ प्रश्न आणि चार तास. आता मेख अशी की १ जानेवारी २०२३ पासून बोर्ड फक्त अमेरिका आणि मोजक्या देशांत राहणाऱ्यांचेच नवे अर्ज घेते. भारतात राहून शिकलेल्याला ही परीक्षा देता येत नाही; अमेरिकेत पदवी घेऊन परीक्षेआधी परत आलेल्यालाही नाही. २०२७ पासून अटी पुन्हा बदलत आहेत. भारतात राहणाऱ्यांसाठी क्यूएबीए आणि आयबीएओ या दोन संस्थांची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे खुली आहेत आणि भारतातील केंद्रांत आता तीही दिसू लागली आहेत. जाहिरातीत ‘बीसीबीए मिळवून देणारा अभ्यासक्रम’ असे लिहिलेले दिसले, तर तो कोणत्या देशात राहणाऱ्याला मिळतो, हे आधी विचारावे. ते न सांगणाऱ्या एजंटापासून दूर राहिलेले बरे.

पात्रता : अमेरिकेत कॅन्सस, वेस्टर्न मिशिगन, नॉर्थ टेक्सास आणि फ्लोरिडा टेक ही या विषयाची जुनी नावे, ब्रिटनमध्ये क्वीन्स युनिव्हर्सिटी बेलफास्ट, न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठ. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य यांतली कुठलीही पदवी सहसा चालते. अडचण पदवीच्या वर्षांची आहे. आपली तीन वर्षांची बी.ए. ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये साधारणपणे चालते, अमेरिकेतील बरीच विद्यापीठे मात्र चार वर्षे मागतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ऑनर्सचे चौथे वर्ष करणे किंवा आधी एम.ए. करणे, हे त्यावरचे सरळ उपाय. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी आता मागत नाहीत, इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावीच लागते.

कागदपत्रे : वेळ खाते ते इथे. परदेशी विद्यापीठाला गुणपत्रिकांच्या झेरॉक्स नको असतात. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांची अधिकृत नोंद, विद्यापीठाने थेट पाठवलेली किंवा सीलबंद लिफाफ्यातली लागते. त्यासाठी शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अर्ज, शुल्क आणि पाठपुरावा, म्हणजे नेसरीहून कोल्हापूरची एसटी आलीच. नावाचा घोळ त्याहून जास्त त्रास देतो. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि वेगळ्या ओळीत आईचे नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा, लग्नानंतर बदललेले नाव आणखी वेगळे. ऑनलाइन अर्जात ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात आडनाव पडले, तर ट्रान्सक्रिप्ट आणि अर्ज जुळत नाहीत आणि फाइल अडकते. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे लिहावे. कोल्हापुरात पोस्टाचे पासपोर्ट सेवा केंद्र असल्याने त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही.

शिफारसपत्रांचेही असेच. दोन-तीन शिक्षकांचे ई-मेल पत्ते द्यावे लागतात आणि पत्र ते स्वतः अपलोड करतात. ग्रामीण महाविद्यालयांतील बरेच प्राध्यापक खासगी जीमेल वापरतात; परदेशी विद्यापीठाला महाविद्यालयाच्या नावाचा पत्ता हवा असतो. सरांना महाविद्यालयाचा ई-मेल सुरू करून घ्यायला आधीच विनंती करावी. ‘विद्यार्थी हुशार व होतकरू आहे’ या धर्तीचे पत्र काही कामाचे नाही. या मुलीने अमुक मुलासोबत किती महिने काम केले, नोंदी कशा ठेवल्या, कुठे चुकली आणि सुधारली, हे लिहिलेले पत्र वाचले जाते.

अनुभव : गुण चांगले पण मुलांसोबत काम शून्य, असा अर्ज या विषयात कमजोर पडतो. अनुभव मिळवायला मुंबई गाठायची गरज नाही. गडहिंग्लजच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांच्यासोबत शाळांवर फिरता येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासतात आणि विकासात मागे पडलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. कोल्हापुरात चेतना विकास मंदिरासारखी विशेष शाळा आहे. पुण्यात स्वमग्न मुलांसाठी प्रसन्न ऑटिझम सेंटर आणि मुंबईत २००१ पासून काम करणारे उम्मीद बालविकास केंद्र आहे. पुढची पायरी म्हणून तेथील प्रशिक्षणांकडे पाहावे. उद्देशपत्रात ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ लिहिण्यापेक्षा एका मुलासोबतच्या कामाची वर दाखवली तशी नोंद, मूल ओळखू येणार नाही अशा रीतीने आणि पालकांच्या परवानगीने, लिहिली तर निवड समितीला अर्जदार कळतो. मराठीत, कानडीमिश्रित बोलीत काम केल्याचा अनुभव ही उणीव समजू नये. वर्तन विश्लेषणाची बरीच साधने इंग्रजीत तयार झालेली आहेत, आणि चंदगडी बोलणाऱ्या मुलाला ‘पाणी’ मागायला कसे शिकवायचे, हे त्यांत नाही.

खर्च आणि शिष्यवृत्ती : अमेरिकेसाठी विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५ डॉलर हे केवळ दारातले शुल्क. शिकवणीचा खर्च भागवायला राज्य शासनाच्या योजना आहेत : अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती, आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी स्वतंत्र योजना. या योजना विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे अशी अट घालतात, आणि इथे या विषयाचे विद्यार्थी फसतात. वर्तन विश्लेषणाची गाजलेली कितीतरी केंद्रे, वेस्टर्न मिशिगन, नॉर्थ टेक्सास, फ्लोरिडा टेक, त्या क्रमवारीत फार खाली आहेत, कारण क्रमवारी विद्यापीठाची असते, विभागाची नव्हे. ऑकलंड वर बसते. शासनाने ही अट विषयवार करायला हवी. ती होईपर्यंत विद्यापीठांची यादी करताना त्या वर्षीची क्रमवारी आणि त्या वर्षीची जाहिरात शेजारी ठेवून पाहावी. शिष्यवृत्तीच्या अर्जाला विनाअट प्रवेशपत्र लागते, म्हणून परदेशी विद्यापीठाचा अर्ज आदल्या हिवाळ्यातच गेलेला असावा लागतो.