दारूचा रोगी आणि त्याचें घर



आमच्या वऱ्हाडांत दारू सोडण्याची जुनी रीत म्हणजे पंढरीला जाऊन तुळशीची माळ घालणें. माळ घातली कीं मद्य-मांस वर्ज्य; ती तोडणें म्हणजे साऱ्या गांवासमोर मान खालीं घालणें. या बंधनानें सावरलेलीं घरें मीं पाहिलीं आहेत. त्या माळेचें बळ शपथेंत होतें तितकेंच संगतींतही होतें. माळकरी झालेला गडी दिवेलागणीला गुत्त्याकडे न वळतां भजनाला बसे, आणि नेमकी तीच घटका त्याला जड जाणारी असे. पण ज्याच्यानें माळ टिकली नाहीं त्याचें काय? जुन्या समाजापाशीं याला उत्तर नव्हतें. तो पापी ठरे, आणि त्याच्या बायकोला मात्र करंटी म्हणत.

वऱ्हाडाला हें दुःख किती जवळचें आहे हें गाडगे महाराजांच्या चरित्रावरून कळतें. त्यांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवचा. वडील झिंगराजी दारूच्या पायीं अकालीं गेले आणि विधवा सखुबाईला लहानग्या डेबूला घेऊन दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला जावें लागलें. पुढें १९५६ पर्यंत ज्या कीर्तनकारानें गांवोगांव दारूविरुद्ध लोकांना हलवून सोडलें, तो स्वतः दारूड्याचा मुलगा होता. त्यांच्या शब्दांना जी धार होती ती पोथींतून आलेली नव्हती.

दारूच्या पसाऱ्यांत सरकारचाही हात होता. आबकारीचे मक्ते आणि त्यांचें उत्पन्न यांवर इंग्रजी खजिना पोसला जाई. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना त्यांनीं १८८० सालीं दारूच्या वाढत्या दुकानांबद्दल लेखी हरकत घेतली होती. पुढें १९३८ मध्यें मध्यप्रांत-वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा झाला, १९४९ मध्यें मुंबई प्रांताचा झाला. या मुंबईच्या कायद्याप्रमाणें महाराष्ट्रांत दारू पिण्यास आजही परवाना लागतो. ही गोष्ट पिणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या गांवींही नसते! कायद्यानें दुकान बंद करतां येतें. पण ज्याचें शरीर त्या विषावांचून चालेनासें झालें आहे, त्याच्या हातापायांचा कंप कायद्यानें थांबत नाहीं.

हा दोष स्वभावाचा नसून रोगाचा आहे, ही कल्पना वैद्यकांत फार जुनी आहे. अमेरिकेंतील डॉ. बेंजामिन रश यांनीं १७८४ सालीं, आणि इंग्लंडच्या आरमारांत काम केलेले डॉ. थॉमस ट्रॉटर यांनीं १८०४ सालीं तसें लिहून ठेवलें. तरी जगाच्या वागणुकींत फरक पडावयास १९३५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकेंतील ॲक्रन शहरीं बिल नांवाचा एक शेअरदलाल आणि बॉब नांवाचा एक शस्त्रवैद्य, दोघेही हाताबाहेर गेलेले दारूडे, एकमेकांना भेटले आणि एकमेकांच्या आधारानें सुटले. यांतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मंडळी उभी राहिली. तिला वर्गणी नाहीं, तिच्यांत आडनांव विचारीत नाहींत, आणि जन्मभराची शपथही मागत नाहींत. आजचा दिवस प्यावयाची नाहीं, एवढेंच ठरवावयाचें. भजनी मंडळाशीं तिचें साम्य माझ्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १९५७ मध्यें ती मुंबईंत आली. १९५१ मध्यें बिलची पत्नी लोइस हिनें घरच्या माणसांसाठीं ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी मंडळी काढली. दारू एकजण पितो, पण आजारी सारें घर पडतें, हें तिनें स्वतः भोगलें होतें.

महाराष्ट्रांत फादर जो परेरा यांनीं १९८१ मध्यें वांद्र्याला ‘कृपा’ संस्था सुरू केली. मराठी घरांपर्यंत हा विषय पोंचला तो मात्र पुण्याहून. डॉ. अनिल अवचट यांनीं ‘गर्द’ या अमली पुडीच्या आहारीं गेलेल्या तरुणांविषयीं लिहिलें. तें वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनीं मदतीचा हात पुढें केला. आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजीं येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत ‘मुक्तांगण’ उघडलें. तें चालविलें डॉ. अनिता अवचट यांनीं. त्या तेथें मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ मध्यें कर्करोगानें त्या गेल्या, आणि पुढें त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं काम सांभाळलें. पस्तीस दिवसांचें राहणें, व्यायाम, गटांतून बोलणें. व्यसनांतून सुटलेले जुने रोगीच नव्यांना समजावणारे. आणि पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट. या शेवटच्या गोष्टीला मीं फार किंमत देतों. नवऱ्याची दारू लपवून ठेवणें, त्याच्या मालकाकडे खोटा निरोप पाठविणें, गुत्तेदाराची उधारी फेडणें, हें सारें ती माउली प्रेमानें करते, आणि त्यानेंच रोग लांबतो.

आतां आमच्या बाजूच्या दोन गोष्टी स्पष्ट सांगतों. ‘रोग्याला न कळूं देतां दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात आणि बायका ती पूड चहांत घालतात. डायसल्फिराम नांवाचें औषध १९४८ मध्यें डेन्मार्कांतून पुढें आलें. तें पोटांत असतांना दारू प्यालें तर चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. क्वचित् प्राणही जातो. तें रोग्याच्या संमतीनें, डॉक्टरच्या देखरेखीखालींच द्यावयाचें असतें. पुडींत नेमकें काय आहे, हें तर देव जाणे.

दुसरी गोष्ट. रोज पिणाऱ्यानें एकाएकीं सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं हात कांपतात, झटके येतात, नसतीं माणसें दिसूं लागतात. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि रोग्याला आमच्याच जिल्ह्यांतील सैलानी बाबांच्या दर्ग्याकडे नेतात. श्रद्धेबद्दल मला कांहीं बोलावयाचें नाहीं. पण त्या घटकेला त्याला रुग्णालय हवें असतें. उशीर झाला तर माणूस दगावतो. तमिळनाडूंत एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां सांखळ्यांनीं बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें सांखळी निषिद्ध केली आहे. दारूच्या व अमली पदार्थांच्या व्यसनानें होणारे मनोविकारही त्याच कायद्याच्या कक्षेंत येतात. म्हणून व्यसनमुक्तीच्या नांवाखालीं मारहाण करणारें ठिकाण दिसलें तर तेथें पैसे भरूं नयेत.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या पाहणीप्रमाणें दारूच्या पूर्ण आहारीं गेलेल्या अडतीस जणांमागें एकाच्याच वाट्याला कांहीं उपचार येतो. बाकीच्यांना वाट ठाऊक नसते, किंवा लाज आडवी येते. देऊळगांवच्या माणसाला जालना जवळ, बुलढाणें लांब. जिल्ह्याची हद्द रोग्याला आडवी येत नाहीं. जें शासकीय रुग्णालय जवळ, तेथें जावें आणि मनोविकार विभाग विचारावा. व्यसनमुक्तीसाठीं केंद्र सरकारचा फोन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठीं ‘टेली-मानस’चा १४४१६ आहे. फोन रोग्यानेंच केला पाहिजे असें नाहीं. पत्नीनें, आईनें केला तरी चालतो. किती वर्षांपासून पितो, दिवसाला किती पितो, शेवटचा घोट केव्हां घेतला, पूर्वीं कधीं झटके आले होते काय, एवढें कागदावर लिहून जवळ ठेवावें. पहिल्यानें हेंच विचारतात.