जोडीचा तोल

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. इंजिन उघडलेच आहे, तर क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र बॅलन्स करून घ्यावेत का? एका पक्षाच्या मते हा आजच्या काळाचा सोस आहे. १९५०च्या दशकात गाड्या कारखान्यातून जशा बाहेर पडल्या तशाच धावल्या आणि टिकल्याही. दुसरा पक्ष बॅलन्सिंग मशीनवरचे ग्रॅमच्या दशांशापर्यंतचे आकडे पुढे करतो. दोघेही एक गोष्ट न तपासता धरून चालतात, ती म्हणजे तोल हा सुट्या भागाचा गुण आहे आणि तो भागात एक तर असतो किंवा नसतो. त्या काळातल्या कारखान्यांची कामाची पद्धत पाहिली तर निराळेच दिसते. तोल जोडीत होता. अमुक फ्लायव्हीलवर अमुक क्लच, अमुक बाजूने बसवला की तो साधायचा. ही जोडी नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये मोडली, म्हणून आज बॅलन्सिंगला मी चैन मानत नाही. मोडलेले मूळ काम पुन्हा करणे मानतो.

फिरत्या वस्तूचा तोल यंत्रावर मोजण्याची विद्या मोटारींसाठी जन्मली नाही. तिची खरी गरज लागली ती वाफेच्या टर्बाइनना. जर्मनीत फ्रान्झ लावाचेक यांनी १९०७मध्ये बॅलन्सिंग मशीनचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी डार्मश्टाटच्या कार्ल शेंक कंपनीने त्याचे हक्क मिळवले. मोटारीची इंजिने तेव्हा इतकी सावकाश फिरत की कारागिराचा हात आणि दोन समांतर धारा एवढ्यावर भागत असे. फ्लायव्हील दांड्यावर चढवून त्या धारांवर ठेवायचे, जड बाजू आपोआप खाली येते, तिथे ड्रिलने थोडे लोखंड काढायचे. चाक कुठल्याही स्थितीत स्वस्थ राहू लागले की काम झाले. ही स्थिर तोलाची रीत आज मागास वाटते. पण रुंदीला कमी आणि व्यासाला मोठ्या तबकडीसाठी ती बऱ्याच अंशी पुरेशी आहे. क्रँकसारख्या लांब भागाला मात्र ती पुरत नाही. त्याच्या एका टोकाची जड बाजू दुसऱ्या टोकाच्या उलट बाजूने झाकली जाते, धारांवर तो निमूट बसतो आणि फिरवला की डोलतो.

कोव्हेंट्रीच्या जॅग्वार कंपनीने १९४८च्या लंडन मोटार प्रदर्शनात एक्सके १२० मांडली. तिचे ३४४२ सीसीचे, सहा सिलिंडरांचे आणि सात मुख्य बेअरिंगांचे इंजिन विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली या मंडळींनी युद्धकाळात आखायला घेतले होते. या इंजिनाच्या घराण्यासाठी जॅग्वारने छापलेल्या दुरुस्ती पुस्तिका माझ्या दृष्टीने या वादातला सर्वांत बोलका पुरावा आहेत. क्लच उतरवण्याच्या प्रकरणात मेकॅनिकला सांगितले आहे की क्लचवर आणि फ्लायव्हीलच्या कडेवर ठोकलेली ‘बी’ अक्षरे आधी पाहून ठेव. परत बसवताना ही दोन अक्षरे समोरासमोर आली पाहिजेत. नवे फ्लायव्हील घालायचे असेल तर त्यावर क्लच चढवून दोन्ही मिळून धारांवर तपासायचे, एकमेकांच्या संदर्भातली जागा खुणेने नोंदवायची आणि गरज पडल्यास क्लच काढून फ्लायव्हीलच्या कडेजवळ भोके पाडायची. म्हणजे क्लचमधला जडपणा फ्लायव्हीलमधले लोखंड काढून फेडायचा. अशा फ्लायव्हीलवरचे एखादे भोक त्या चाकाच्या स्वतःच्या दोषासाठी पाडलेले असेल किंवा शेजारच्या क्लचच्या दोषासाठी. नुसते चाक हातात घेऊन ते कुणालाही सांगता येणार नाही. तोल सुट्या भागात शोधू नये असे मी म्हणतो ते यामुळे.

या पद्धतीमागे कारखानदारीची एक साधी अडचणही होती. इंजिन कोव्हेंट्रीत बनत होते, तर बोर्ग अँड बेक क्लच ब्रिटनमध्ये लेमिंग्टन स्पा इथली ऑटोमोटिव्ह प्रॉडक्ट्स कंपनी बनवत होती. त्या काळचा क्लच म्हणजे पत्र्याचे दाबलेले आवरण, ओतीव प्रेशर प्लेट, वर्तुळात मांडलेल्या कॉइल स्प्रिंगा, तीन लिव्हर आणि त्यांचे पिन-बोल्ट. हे सारे भाग केंद्रापासून दूर बसलेले, आणि वेग वाढला की स्प्रिंगा बाहेरच्या बाजूला किंचित बाक घेणाऱ्या. दोन गावांतल्या दोन कारखान्यांनी आपापला माल कितीही नेटका केला, तरी दोन्हींची गाठ पहिल्यांदा पडते ती इंजिनाच्या मागच्या टोकाला, शेवटच्या बेअरिंगच्या पलीकडे.

इथे आकडे पाहू. १० ग्रॅम जास्तीचे वजन केंद्रापासून १४० मिलिमीटरवर असेल, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांना ते सुमारे १४ किलोच्या जोराने बाहेर ओढते. ६००० फेऱ्यांना हाच जोर ५६ किलोवर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. जोडणीतली चूक याहून फसवी असते. सहा किलोचा क्लच स्वतः अगदी निर्दोष आहे, पण केंद्रापासून ०.१ मिलिमीटर सरकून बसला, असे धरा. एवढ्याने ६०० ग्रॅम-मिलिमीटरचा असमतोल तयार होतो. क्लचची जागा धरून ठेवणाऱ्या डॉवेल पिना कित्येक वेळा काढघाल होऊन झिजल्या, की एवढा फरक सहज पडतो. जर्मनीत १९६६मध्ये आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७३मध्ये तोलाच्या प्रती ठरल्या, तेव्हा फ्लायव्हील जी ६.३ या बारीक प्रतीत बसले, इंजिनाचे सुटे भाग जी १६मध्ये आणि मोटारीच्या इंजिनातला संपूर्ण क्रँकचा जुडगा जी ४०मध्ये. क्लचसह फ्लायव्हील १८ किलोचे मानले, तर ६००० फेऱ्यांना जी ६.३ म्हणजे १४० मिलिमीटरवर जेमतेम सव्वा ग्रॅम, आणि जी ४० म्हणजे आठ ग्रॅम. सुट्या भागाकडून बारकाई मागायची आणि जोडणीला सूट द्यायची, असा या तक्त्याचा अर्थ होतो. तो करणाऱ्यांना ठाऊक होते की जोडताना बारकाई हरवते. आपल्या सरकलेल्या क्लचने एकट्यानेच जी ६.३ची सुमारे १८० ग्रॅम-मिलिमीटरची मर्यादा तिपटीहून अधिक ओलांडली आहे.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा. सगळे कारखाने जॅग्वारसारखे नव्हते. ट्रायम्फची टीआर २ (१९५३) तीन मुख्य बेअरिंगांच्या १९९१ सीसी इंजिनावर आली, आणि हे इंजिन स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीच्या व फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या इंजिनाचे सख्खे भावंड होते. एमजीबी (१९६२) सुद्धा घरगुती मोटारींच्या बी-सिरीज इंजिनावर उभी होती. तिला पाच मुख्य बेअरिंगे १९६४च्या अखेरीस मिळाली, त्याआधी तीनच होती. या गाड्यांत मुळातच ढोबळ तोल होता आणि लोकांना तो चालला, मग आज बारकाई कशाला? हा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. इथे जॅग्वारइतकी काटेकोर जोडी कधी नसेलही. पण ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला २०००च्या आसपास फेऱ्यांवर काम करते आणि टीआर २ आपली ९० अश्वशक्ती ४८०० फेऱ्यांना देते. तितकाच असमतोल इथे पावणेसहा पट जोराने ओढतो, तोही मध्ये कमी आधार असलेल्या क्रँकच्या टोकाशी. लोकांना चालले ते नव्या, न झिजलेल्या बेअरिंगांवर आणि मूळ जोडीवर.

त्या मूळ जोडीचे पुढे काय झाले हे पाहिले, की ‘तेव्हा चालले’ या वाक्याचा आधारच सुटतो. क्लच हा झिजणारा भाग आहे. साठ-सत्तर वर्षांच्या गाडीत तो अनेकदा बदललेला असतो. बदललेला क्लच आपल्या कारखान्यात सुटा तोललेला असतो, पण या फ्लायव्हीलची भोके त्याच्यासाठी पाडलेली नसतात. फ्लायव्हीलचा चेहरा लेथवर घासला जातो, दात झिजले की रिंग गिअर नवा चढतो, कुणी चाकाचे वजन कमी करून घेतो. गंज आणि रंगाखाली खुणा बुजतात. १९६०च्या दशकात या गाड्यांत डायफ्राम स्प्रिंगचे क्लच आले. एकाच तबकडीसारखी ती स्प्रिंग वेगाला फुगत नाही आणि तिच्यात सुटे भाग कमी, त्यामुळे तोल पुष्कळ सुधारला, ४.२ लिटरच्या ई-टाइपला १९६४मध्ये असा क्लच मिळाला. पण जुन्या कॉइल स्प्रिंगच्या क्लचबरोबर तोललेल्या चाकावर डायफ्राम क्लच चढवला, तर जुन्या क्लचचा दोष फेडणारी भोके स्वतःच दोष होऊन बसतात. भाग सुधारला तरी जोडी बिघडू शकते, ती अशी.

सरळ रेषेतले सहा सिलिंडरांचे इंजिन स्वभावतःच समतोल असते, तिथे ही यातायात कशाला, असेही विचारले जाते. तो समतोल पिस्टनांच्या वर-खाली जाण्याचा आहे; मागच्या टोकाला वाकडे बसलेले चाक त्यात मोडत नाही. उलट बाकी सगळे शांत असल्याने त्या चाकाची थरथर अधिक जाणवते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. क्लच प्लेट स्प्लाइनवर, म्हणजे दांड्यावरच्या खाचांवर, मोकळी सरकते आणि प्रत्येक वेळी क्लच दाबून सोडला की नव्या कोनात पकडली जाते. तिची जागा ठरलेली नाही, मग पक्का तोल येणार कुठून? येत नाही, हे खरेच आहे. प्लेट वेगळी तोलावी लागते आणि तिचा उरलेला दोष व स्प्लाइनमधली ढिलाई ही या कामाची खालची मर्यादा ठरते. म्हणून ग्रॅमच्या दशांशाचे दाखले मिरवणाऱ्यांशीही माझे जमत नाही. मशीन तेवढे मोजते. पण पहिल्याच सिग्नलला क्लच सुटला की तो दशांश निघून जातो.

राहिला अस्सलपणाचा प्रश्न. मूळ फ्लायव्हीलमध्ये आज नवे भोक पाडणे म्हणजे ऐतिहासिक वस्तूवर घाव घालणे, असे काही संग्राहक मनापासून मानतात, आणि पूर्ण शाबूत, खुणा जुळणारी जोडी हाती आली तर त्यांचे ऐकावे. अशी जोडी उघडून परत तशीच बसवावी, मशीनवर फक्त तपासावी. जिथे जोडी गेलेली आहे तिथे मात्र पुस्तिकेतली रीतच अस्सल. आधी क्रँक एकटा, मग पुढची पुली, मग फ्लायव्हील, शेवटी क्लच चढवून सगळे मिळून तपासायचे. एका बाबतीत मात्र पुस्तिकेपासून वेगळे व्हावे: क्लचमुळे दिसणारा दोष शक्यतो क्लचच्या आवरणावर वजन लावून किंवा काढून मिटवावा, म्हणजे पुढच्या खेपेला क्लच बदलला तरी चाक निर्दोष राहील. आणि दोन्ही भागांवर नवी खूण ठोकून तिची नोंद गाडीच्या कागदांत ठेवावी.